घाटातला तांडा

सपाटीवरचा रस्ता आणि घाटातला रस्ता यांच्या स्वभावात मोठे अंतर असते. सपाटीवरचा रस्ता दूरवर दिसतो. समोरून कोण येत आहे, पुढचे गाव किती लांब आहे, हे सारे तो आधीच सांगून टाकतो. घाटातला रस्ता एका वेळी एकच वळण दाखवितो. त्या वळणापलीकडे काय आहे, ते तेथे पोचल्यावाचून कळत नाही. त्यामुळे घाटातल्या प्रवासाची जितकी मौज वाटते तितकीच थोडी धास्तीही वाटते.

ही मौज लुटण्यासाठी यवतमाळच्या काही हौशी मोटारवाल्यांनी फाल्गुनातल्या एका रविवारी सहल काढली. पुसदहून वाशीमकडे जाताना खंडाळा घाट लागतो. पुण्या-मुंबईच्या वाटेवरच्या प्रसिद्ध खंडाळ्याचा हा वऱ्हाडातला नामबंधू. सातही गाड्यांनी एकत्र निघावयाचे, घाट चढून वर न्याहारी करावयाची आणि उन्हे कलण्यापूर्वी परतावयाचे, असा बेत होता.

मोटारी घेऊन मिळून फिरावयास जाण्याची हौस आजची नाही. इंग्लंडमध्ये १४ नोव्हेंबर १८९६ रोजी अनेक मोटारी लंडनहून ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी एकत्र निघाल्या होत्या. मोटारींच्या वेगावरची जाचक बंधने सैल झाली, त्या आनंदाप्रीत्यर्थ ती यात्रा होती. तिच्या स्मरणार्थ १९०५ पूर्वी तयार झालेल्या जुन्या गाड्या अजूनही त्या वाटेने जातात. ती शर्यत नसते. सुखरूप पोचणे हेच तिथले यश. आपल्याकडे मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था स्थापन झाली. यवतमाळची मंडळी एवढ्या मोठ्या संस्थेतली नव्हती. त्यांत एक डॉक्टर होते, एक शिक्षिका होत्या, एक बियाण्यांचे दुकानदार होते, दोन शेतकरी होते आणि नुकतीच नवी गाडी घेतलेला एक तरुण होता. सर्वांत पुढच्या गाडीच्या चाकावर काका बसले होते. एस. टी.त चालक म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. जिल्ह्यातला घाट न् घाट त्यांच्या हाताखालून गेला होता.

निघण्यापूर्वी काकांनी सर्वांना तीन गोष्टी सांगितल्या. घाटात कोणी कोणाला ओलांडावयाचे नाही. दोन गाड्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवावयाचे. आणि तिसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली : “प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. आरशात ती दिसेनाशी झाली, तर वेग कमी करायचा. तरीही दिसली नाही, तर रुंद जागा पाहून थांबायचं. पुढच्याची काळजी करू नका. त्याच्या मागे तुम्ही आहातच.”

दारव्हा आणि दिग्रस मागे टाकून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या पुसदला मंडळी पोचली, तेव्हा उन्हाला नुकताच कडकपणा येऊ लागला होता. पळस फुलले होते. पानगळीने साग उघडे पडले होते, आणि त्या तपकिरी रानात पळसाचे केशरी झुबके दुरूनही डोळ्यांत भरत होते. कोठे मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन फुले वेचणारी माणसे दिसत होती.

पुसद हे पूस नदीच्या खोऱ्यात वसले आहे. चोहोबाजूंनी डोंगर आहेत. हे डोंगर अजिंठ्याच्या रांगेच्या पूर्वेकडील शाखा होत. या डोंगरांवरूनच पूर्वी वऱ्हाडचे दोन भाग मानले जात. अकोला-अमरावतीकडचा सखल मुलूख तो पायनघाट, आणि डोंगर चढून गेल्यावरचा उंच मुलूख तो बालाघाट. पायनघाट म्हणजे घाटाखालचा, बालाघाट म्हणजे घाटावरचा. घाट चढणे-उतरणे हे या प्रदेशाच्या नावातच आहे.

घाट सुरू झाला. रस्ता डोंगराला बिलगून डावीकडे वळला, पुन्हा उजवीकडे वळला. रस्ता एवढी वळणे का घेतो, असा प्रश्न पडावा. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. डोंगर शंभर मीटर उंच असला आणि वाट सरळ वर नेली, तर ती शिडीसारखी उभी होईल. तेच वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ असा बेत केला, तर शंभर मीटर उंची गाठावयास दोन किलोमीटर रस्ता लागतो. एवढा लांब रस्ता डोंगराच्या अंगावर मावावा, म्हणून त्याला नागमोडी घड्या घालाव्या लागतात. वळणामुळे वाट लांबते आणि चढ सौम्य होतो.

चौथी गाडी दुकानदारांची होती. ती जुनी होती आणि चढावर धापा टाकीत होती. तिच्या मागे पाचवा तो तरुण होता. त्याच्या नव्या गाडीला जोर होता, आणि त्या जोराला वाव मिळत नव्हता. तीन वळणे त्याने धीर धरला. चौथ्या वळणाआधी रस्ता मोकळा आहेसे त्याला वाटले. त्याने गाडी उजवीकडे काढली आणि वेग दिला.

त्याच क्षणी वरून कर्णा वाजला. वळणाआडून एक मालमोटार उतरत होती. पुढे जाण्यास अवकाश नव्हता, उजवीकडे कडा होता. तरुणाने ब्रेक दाबला, गाडी मागे घेतली आणि डावीकडे आपल्या जुन्या जागी घातली. मालमोटार त्याच्या खिडकीजवळून घरघरत निघून गेली.

त्याचे हात थरथरत होते. काही वेळाने त्याच्या ध्यानात आले, की मागे येण्यास त्याला जागा मिळाली, म्हणून तो वाचला. ती जागा आपोआप राहिली नव्हती. सहाव्या गाडीत शिक्षिकाबाई होत्या. तो बाहेर पडताना पाहून त्यांनी लगेच आपला वेग कमी केला होता आणि त्याची जागा त्याच्यासाठी मोकळी राखली होती. दुसऱ्या कोणी ‘एक गाडी पुढे गेली’ म्हणून ती जागा भरून काढली असती, तर त्याला परतण्यास वाट उरली नसती.

घाटमाथ्यावर एका झाडाखाली गाड्या उभ्या राहिल्या. भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा यांचे डबे उघडले. खाली खोरे पसरले होते. तरुण बाजूला उभा होता. कोणी रागावले नाही. बाईंनी त्याच्या हातावर भाकरी ठेवली, आणि काका खोऱ्याकडे पाहत बोलू लागले :

“या डोंगरांतून मोटारी येण्याआधी बंजाऱ्यांचे तांडे जात. शेकडो बैल, त्यांच्या पाठीवर धान्याच्या नाहीतर मिठाच्या गोण्या. त्या व्यापाराला लदेणी म्हणत. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सारा संसार बरोबर. तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणत. आता सांग बाप्पा, असा तांडा किती वेगाने चालत असेल?”

तरुण काही बोलला नाही. दुकानदारच म्हणाले, “सगळ्यांत थकलेला बैल जेवढा चालेल तेवढा.”

काका हसले.

तांड्यांची ही हकीकत खरी आहे. देशभर धान्य आणि मीठ पोचविण्याचे काम बंजाऱ्यांनी शतकानुशतके केले. मोठमोठ्या फौजांनाही त्यांच्या बैलांनी आणलेल्या धान्यावर अवलंबून राहावे लागे. पुढे लोहमार्ग आले. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचला. माल आगगाडीने जाऊ लागला, लदेणी थांबली, आणि पुष्कळ तांडे डोंगरांच्या कुशीत शेती करून स्थिरावले. ते चालत नाहीत, तरी त्यांच्या वस्त्यांना आजही तांडेच म्हणतात. याच पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी बंजारा समाजात वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. १९६३ ते १९७५ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो.

निघावयाची वेळ झाली, तेव्हा काका तरुणाला म्हणाले, “उतरताना तू सर्वांत शेवटी ये.”

त्याला ती शिक्षा वाटली. काकांनी ते ओळखले. “पुढे राहणाऱ्याला रस्ता माहीत असला म्हणजे झालं,” ते म्हणाले. “शेवटच्याला सहाही गाड्या सांभाळाव्या लागतात. तुझी गाडी सगळ्यांत चांगली आहे. ती मागेच हवी.”

उतार सुरू झाला. तरुणाच्या आरशात आता रिकामा रस्ता होता. समोर दुकानदारांची गाडी होती. तिचा मागचा तांबडा दिवा विझतच नव्हता. ते एकसारखे ब्रेक दाबून उतरत होते. थोड्या वेळाने त्याला जळका वास आला. त्याने दिवे उघडमीट केले, कर्णा वाजविला आणि हाताने थांबण्याची खूण केली. दुकानदारांनी रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली.

पुढे जे घडले, ते पाहण्याजोगे होते. घाटात फोन लागत नव्हता. परंतु दुकानदारांची गाडी आरशातून नाहीशी झालेली पाहताच शिक्षिकाबाई थांबल्या. बाई दिसेनात म्हणून डॉक्टर थांबले. डॉक्टर दिसेनात म्हणून शेतकरी थांबले. दहा मिनिटांच्या आत सर्वांत पुढच्या काकांना निरोपावाचूनच निरोप पोचला होता. ते पायी वर चढून आले.

“पाणी ओतू नका,” काकांनी बजावले. “तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं. आपोआप निवू द्या.” मग त्यांनी समजावून सांगितले. ब्रेक म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे उष्णता. ब्रेक सतत दाबून ठेवला, तर तो तापतो आणि त्याची पकड जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी. मग इंजिनच गाडीला मागून धरून ठेवते आणि ब्रेकला विसावा मिळतो.

अर्ध्या तासाने गाड्या पुन्हा निघाल्या. एके ठिकाणी रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग पडला होता आणि एकच वाहन जाईल एवढी वाट उरली होती. खालून कापसाने शिगोशीग भरलेली मालमोटार येत होती. तिचे इंजिन कण्हत होते. काकांनी गाडी ढिगाच्या अलीकडेच थांबविली. त्यांच्यामागे एकेक करून सहाही गाड्या थांबल्या. अरुंद चढणीवर चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमच आहे. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणे सोपे असते. भार घेऊन चढणाऱ्याची गती एकदा तुटली, म्हणजे ती पुन्हा मिळविणे फार जड जाते. मालमोटारीच्या चालकाने जाताना हात उंचावला. सातव्या गाडीतल्या तरुणानेही हात उंचावला. सकाळी वळणावर कर्णा वाजविणारा चालक त्याला आठवला. त्याचे तोंड त्याने पाहिले नव्हते.

उन्हे कलली तेव्हा मंडळी पुसदला चहासाठी थांबली. काका आधीच उतरून बाकावर बसले होते. सर्वांत शेवटी तरुणाची गाडी आली. गाडी बंद करून तो लगेच खाली उतरला नाही. रांगेने उभ्या राहिलेल्या गाड्यांवरून त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली.

“किती भरल्या?” काकांनी विचारले.

“सात,” तो म्हणाला. मग दार उघडून तो खाली उतरला, आणि चहाचा पहिला पेला त्याने शिक्षिकाबाईंच्या हाती दिला.