एक प्रकारचा मासा

कोकणच्या परिसरातील एका कादंबरीच्या विद्यार्थी-आवृत्तीसाठी सुमारे तीस वर्षांपूर्वी मी शब्दार्थसूची तयार केली होती. तीत ‘काळुंदर’ या शब्दापुढे मी लिहिले : ‘एक प्रकारचा मासा’. वस्तुतः माझे बालपण खाडीकाठी गेले. काळुंदराच्या अंगावर मोत्यासारखे ठिपके असतात, तो मचूळ पाण्यात राहतो, अंड्यांभोवती नर-मादी दोघेही राखण करीत घुटमळतात, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होते. पण समीक्षेच्या परिभाषेला सरावलेल्या हाताला ते ज्ञान नोंदीच्या योग्यतेचे वाटले नाही.

ही नोंद पुन्हा बोचू लागली ती ‘कोनिया’ या नावामुळे. काळुंदर ज्या सिक्लिड कुळातला, त्याच कुळातील ही पश्चिम आफ्रिकेची प्रजाती. कॅमेरूनमधील कुम्बा शहराजवळ ज्वालामुखीच्या विवरात बारोंबी म्बो नावाचे सरोवर आहे. त्याचा व्यास जेमतेम २.५ किलोमीटर. कोनिया तेवढ्याच पाण्यात आढळते, जगात अन्यत्र नाही. तिच्या जाती दोन. एक काठालगतच्या उथळ पाण्यात राहते. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. दुसरी, डिकुमे, खोल पाण्यातली. तिथे प्राणवायू फार थोडा. परंतु डिकुमेच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण एवढे अधिक की, कीटकांच्या अळ्या टिपण्यासाठी ती त्या पाण्यात उतरू शकते.

ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ एथेलविन ट्रेवावस यांनी १९७२ साली सहकाऱ्यांसह या सरोवरातील माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उथळ पाण्यातल्या जातीला १९६२ मध्ये त्यांनीच आयसेनट्राउट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले होते. आता प्रजातीचे नाव मात्र त्यांनी काठावरच्या बारोंबी लोकांकडून घेतले : त्यांच्या ‘कोन्ये’वरून ‘कोनिया’. ‘डिकुमे’ तर जसेच्या तसे उचलले. आमच्या काळुंदराच्या वाट्याला हे आले नाही. १७९० मध्ये ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने त्याला नाव दिले, ते सुरत बंदरावरून.

बोलीतील शब्दाला लॅटिन प्रत्यय लावल्याने बोलीचा सन्मान होतोच, असे माझे म्हणणे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. कोन्ये आणि डिकुमे ही दोन नावे निरनिराळी होती, याचा अर्थ हे मासे निरनिराळे आहेत हे कोळ्यांनी शास्त्राआधी ओळखले होते. शब्द हेच तिथे निरीक्षण होते. भाषेवर आयुष्यभर लिहिणाऱ्या मला हे एका माशाकडून शिकावे लागले.

जंगलतोडीमुळे आज त्या सरोवरात गाळ येतो. कुम्बा शहराचे पाणीही तिथूनच जाते. कोनियाच्या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त आहेत. उद्या त्या नाहीशा झाल्या तर ग्रंथांत ‘कोनिया’ हे नाव उरेल, आणि त्यापुढे कोणीतरी माझ्यासारखाच लिहील : एक प्रकारचा मासा.

त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. ‘काळुंदर’ची नोंद आता चार ओळींची झाली आहे. प्रकाशकांना ती लांब वाटते. मी एकही ओळ कमी केलेली नाही.