'पूस की रात'मधली थंडी

कथा शिकवणे हे काम आम्हांला फार वर्षे सोपे वाटत आले. कादंबरीचा पसारा तिला नाही आणि कवितेसारखी ती हातातून निसटतही नाही. तासाच्या पहिल्या अर्ध्यात वाचून होते. उरलेल्या वेळात फळ्यावर चार रकाने आखता येतात : स्थळकाळ, प्रतीके, मोटिफ, आशयसूत्र. प्रेमचंदांची १९३० सालची 'पूस की रात' तर या रकान्यांसाठीच लिहिलेली असावी, अशा थाटात आम्ही ती वर्षानुवर्षे शिकवली. थंडी म्हणजे शोषण, घोंगडी म्हणजे हिरावलेली सुरक्षितता, जबरा कुत्रा म्हणजे निष्ठा, नीलगायी म्हणजे शेतकऱ्याच्या कष्टांवर चरणारी व्यवस्था. विद्यार्थी उतरवून घेत, परीक्षेत तेच आमच्याकडे परत येई आणि आम्ही त्याला गुण देत असू. या व्यवहारात कोणाचे काही बिघडते असे तेव्हा वाटले नाही.

एका वर्षी चाचणीच्या उत्तरपत्रिकेत एका मुलाने एकाही प्रतीकाचे नाव घेतले नव्हते. पीक चालले आहे हे हलकूला रात्रीच कळले होते आणि सकाळी तो खरोखर खूश आहे, कारण आता त्याला घरी झोपता येईल, एवढेच त्याने अर्ध्या पानात लिहिले होते. आम्ही दहापैकी चार गुण दिले आणि समासात शेरा मारला : 'वाचन वरवरचे.'

मुलगा भेटायला आला तो गुणांबद्दल भांडायला नव्हे. तो विदर्भातल्या एका खेड्यातला. शेरा वाचून तो गोंधळला होता. "सर, त्याले ऐकू येत होतं," तो म्हणाला. "पण अंगात थंडी भरली का उठनं होत नाही. मंग माणूस मनाले सांगते, कुत्रं हाये ना." हरभऱ्याच्या दिवसांत तो वडिलांबरोबर जागलीला जात असे. तिकडे नीलगायीला रोही म्हणतात. रोही कळपाने येतात, रानडुकरेही येतात, आणि पहाटेच्या सुमाराला शेकोटीजवळून उठणे म्हणजे काय असते हे त्याने आम्हांला अगदी साधेपणाने सांगितले. आमच्या फळ्यावर जी थंडी 'शोषण' या शब्दाला बाण काढून जोडलेली होती, ती त्याच्या बोलण्यात फक्त थंडी होती.

त्या रात्री आम्ही कथा पुन्हा वाचली, आणि खरे सांगायचे तर पहिल्यांदाच नीट वाचली.

थंडी या कथेत शेतावर सुरू होत नाही, घरात सुरू होते. वसुलीला सहना दारात उभा आहे आणि घरात तीन रुपये आहेत. ते घोंगडीसाठी मजुरीतून पैपै करून साठवलेले. मुन्नी विरोध करते. ही शेती सोडत का नाही, असे विचारते. आणि अखेर पैसे देऊन टाकते. म्हणजे पौषातली रात्र येण्यापूर्वीच तिची किंमत ठरली आहे. पुढे वारा, दव, उसाच्या पाल्याचे छप्पर, बांबूची खाट हे जे जे येते त्याला आपण 'वातावरणनिर्मिती' म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. पण या कथेत वातावरण कथानकाच्या मागे पडद्यासारखे टांगलेले नाही. थंडी काढून टाकली तर कथेत काहीच घडत नाही.

मोटिफ शोधायचाच तर तो थंडीचा नसून उबेचा आहे, असे आता आम्हांला वाटते. आधी चिलीम येते. आठ चिलमी ओढून होतात तरी रात्र सरत नाही. मग जबऱ्याला कुशीत घेणे : कुत्र्याच्या अंगाला दुर्गंधी येते आहे, तरी हलकूला कित्येक महिन्यांत मिळाले नव्हते असे सुख त्यातून मिळते. मग आमराईतली पाल्याची शेकोटी. तिच्यावरून हलकू पोरासारखी उडी मारतो. साऱ्या कथेतला खेळकरपणाचा तेवढाच क्षण. आणि शेवटी राख. या चार उबा एकापुढे एक ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या दोन शेतावरच्या आहेत. तिसरीसाठी शेत सोडून जावे लागते. आमराई फार दूर नाही, गोळीच्या टप्प्यावर आहे. पण हलकू तिथे जातो तेव्हाच राखणदार जागेवरून हललेला असतो. नीलगायी त्यानंतर येतात.

याहून बारीक एक तपशील आम्ही इतकी वर्षे वाचूनही पाहिला नव्हता. पाला गोळा करायला झाडू हवा म्हणून हलकू जवळच्या शेतातली तुरीची रोपे उपटतो. प्रेमचंद एका वाक्यात सांगून पुढे जातात, कसलाही इशारा देत नाहीत. पिकाची राखण करायला बसलेला माणूस उबेसाठी उभे पीक उपटतो, आणि तेही जनावरे येण्याच्या आधी! याला प्रतीक म्हणावे का? आम्हांला तसे म्हणवत नाही. झाडूसाठी जे हाताशी होते ते त्याने घेतले. परंतु कथेचे आशयसूत्र त्या मुठीतल्या रोपांत जितके आहे तितके नीलगायींच्या अख्ख्या कळपात नाही.

मग शेवट. सकाळी मुन्नी उदास आहे आणि हलकूच्या चेहऱ्यावर आनंद आहे. शेती सोड म्हणणारी तीच होती. शेत गेले तेव्हा दुःख तिला होते आणि सुटका त्याला वाटते. आता मजुरी करून शेतसारा भरावा लागेल असे ती म्हणते, आणि तो रात्री इथे थंडीत झोपावे लागणार नाही एवढे बोलून मोकळा होतो. या आनंदाला आम्ही वर्गात 'अगतिकतेचे हास्य' म्हणत आलो. म्हणजे आनंदाचा आनंद राहू दिला नाही. माणसाला पीक बुडाल्याचा खरोखर आनंद व्हावा, यातली भीषणता तो आनंद खरा मानला तरच कळते. त्या मुलाने तो खरा मानला होता.

जाता जाता एक. प्रेमचंदांच्या अखेरच्या काळातली 'कफन' ही कथाही थंडीच्या रात्री सुरू होते, आणि तिच्या पहिल्याच वाक्यात बापलेक विझलेल्या शेकोटीपुढे बसलेले आहेत. हलकूची राख निदान गरम होती.

चाराचे सात करण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती. गुण विभागाकडे जाऊन पोहोचले होते. तो मुलगा पदवी घेऊन गेला. आता ही कथा घेताना आम्ही रकाने आखत नाही. आधी विचारतो, वर्गात जागलीला कोण कोण गेले आहे. दोनचार हात वर होतात, कधी एकही नाही. मागच्या वेळी शहरातल्या एका मुलीने मध्येच विचारले, "नुसत्या पाल्याची शेकोटी किती वेळ टिकते?" आम्हांला सांगता येईना. मागच्या बाकावरून उत्तर आले, "भडकन पेटते अन् लगेच बसते. पन खालची जमीन सकाळपर्यंत गरम राहते, मॅडम." तिने ते वहीत लिहून घेतले.