बोल कोणाला?

मूल होत नाही म्हणून नोव्हेनास येणारी स्त्री आम्हांस बहुधा एकटीच दिसते. नवरा शेतावर असतो, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. बोल मात्र तिलाच!

अशा वेळी आम्हांस अमेरिकेतील कॅलिफोर्नियातले लॅथ्रोप गाव आठवते. तेथील कारखान्यात जमिनीतील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी नावाचे औषध होई. (विषास औषध म्हणण्याची खोड आपलीच!) आपल्यापैकी कित्येकांना मुले होत नाहीत, हे कामगारांच्या आपसांतील बोलण्यातून उघड झाले. १९७७ साली तपासणी झाली, तेव्हा काहींच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प, तर काहींच्या मुळीच आढळले नाहीत. ज्यांनी अधिक वर्षे काम केले, त्यांची हानी अधिक. काम सोडल्यावर काही सुधारले, काही नाहीत. एरवी ती माणसे धडधाकट दिसत होती.

सर्वच औषधे असे करतात, असे आमचे म्हणणे नाही. तथापि वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, हात स्वच्छ धुतल्यावाचून भाकरीस शिवू नये. आणि पत्नीस दवाखान्यात धाडताना पतीनेही सोबत जाऊन स्वतःस तपासून घ्यावे; कोणते औषध किती वर्षे फवारले, हे डॉक्टरांस आधी सांगावे.