मुंबईत डिसेंबरात पाऊस नसतो

आम्हा मुंबईकरांची एक गंमत आहे. जानेवारीत पहाटेचा पारा पंधरा-सोळा अंशांवर आला की आम्ही कुडकुडायला लागतो. पेटीच्या तळाशी ठेवलेले स्वेटर बाहेर निघतात. त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असतो. सकाळच्या लोकलमध्ये माकडटोप्या दिसू लागतात. एरवी ज्या पंख्याखालच्या खुर्चीसाठी ऑफिसात कुरबुरी चालतात, तो पंखा बंद ठेवण्यावर सर्वांचे एकमत होते. "यंदा काय थंडी पडलीय हो!" हे वाक्य तर दिवसातून पन्नास वेळा ऐकू येते.

परभणी जिल्ह्यातली माझी आत्या एकदा अशाच दिवसांत आमच्याकडे आली होती. अंगावर लुगड्याच्या पदराशिवाय काही नाही आणि पहाटे नळावर कपडे धुत बसलेली. माझ्या मुलीचे कानटोपी-मोज्यांचे सोंग पाहून ती हसत सुटली. "बाई, ह्याला तुमी थंडी म्हणता? आमच्याकडं ह्याच्या दुप्पट गारठ्यात रातच्याला गव्हाला पाणी द्यायला जातेत माणसं!"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. परभणीत थंडीच्या दिवसांत पारा अनेकदा एक आकडी होतो आणि मे महिन्यात तो ४२-४३ च्या पुढे जातो. मुंबईला समुद्राने सांभाळले आहे. दुपारी समुद्रावरून वारा येतो, तो उन्हाचा ताप कमी करतो. रात्री समुद्र शहराला फार गार होऊ देत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवरचे सर्वात कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ ला. हवामान खात्याचा नियमही पाहा. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान ४० अंशांवर जावा लागतो, तर किनाऱ्यावर ३७ अंश झाले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले, तरी लाट धरतात. म्हणजे आमची सवयच सौम्य हवेची, हे खात्यानेही मान्य केले आहे!

पावसाचेही तसेच. आमचा पाऊस चार महिने धो धो कोसळतो, पण तो वेळापत्रकाने येतो असे आम्ही धरून चाललेलो असतो. जूनमध्ये छत्री काढायची, पत्र्यावर निळे प्लॅस्टिक टाकायचे, दसऱ्यानंतर छत्री माळ्यावर आणि प्लॅस्टिक घडी करून खाटेखाली. हे वेळापत्रक आमच्या अंगात इतके भिनले आहे, की आभाळाकडे वर पाहून बोलायची गरजच आम्हाला वाटत नाही.

याच सवयीपायी माझ्या हातून जी चूक झाली, ती आज लिहायची आहे.

२०१७ सालची गोष्ट. मी चेंबूरला राहते, एका खासगी कंपनीत हिशेबाच्या खात्यात कारकून आहे आणि संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात महिला मंडळाचे काम पाहते. आत्या दरवर्षी सहा डिसेंबरला गावच्या बायांबरोबर चैत्यभूमीवर यायची. मी कितीदा म्हणायची, "आत्या, सरळ घरी ये, इथून जाऊ." पण ती ऐकायची नाही. "गावातून संगं निघालो, तर संगंच राहावं माय," म्हणायची. शिवाजी पार्कच्या मंडपात दोन रात्री काढायच्या, बाबासाहेबांना वंदन करायचे, पुस्तके घ्यायची आणि मग एक दिवस भाचीकडे, असा तिचा क्रम.

येताना तिच्याजवळ एक मोठे गाठोडे असायचे. त्यात भाकरी, चटणी आणि खताची रिकामी पोती उसवून, धुऊन, एकाला एक शिवलेली एक भलीमोठी पाल. खाली अंथरायची, अंगावर घ्यायची, वेळ पडली तर चार काठ्यांवर ताणायची. त्या वर्षी निघण्याआधी तिने फोन केला. गुडघे दुखत होते, गाठोडे जड झाले होते. "पाल आणू का गं?" असे तिने विचारले. मी ऑफिसात होते, हातात काम होते. मी म्हणाले, "कशाला उगाच ओझे वागवतेस? मुंबईत डिसेंबरात पाऊस नसतो."

तिने पाल घरी ठेवली.

चार डिसेंबरला, सोमवारी, ती दादरला उतरली. त्याच दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आले. ओखी नावाचे चक्रीवादळ नोव्हेंबरच्या अखेरीस दक्षिणेत कन्याकुमारी, केरळ आणि लक्षद्वीपला झोडपून अरबी समुद्रातून वर गुजरातकडे सरकत होते. तिकडे कितीतरी मच्छीमार समुद्रातून परत आलेच नाहीत. वादळ आमच्यापर्यंत येताना त्याचा जोर ओसरला होता, पण पाऊस आणि वारा मात्र त्याने आणला.

त्या संध्याकाळी लोकलच्या लेडीज डब्यात नुसती जत्रा होती. कुणाकडेच छत्री नाही. कुणी ओढणी डोक्यावर घेतली, कुणी डब्याची पिशवी. "महाबळेश्वर झालं बाई मुंबईचं!" असे एकीने म्हटले आणि सगळ्या हसल्या. खिडकीतून हात बाहेर काढून फोटो काढणे चालले होते. मी स्टेशनबाहेर गरम कांदाभजी घेतली. घरी चहा केला. आम्ही नवरा-बायको दारात बसून पाऊस पाहत होतो. खरे सांगते, बरे वाटत होते.

तेवढ्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "आई, परभणीची आजी कुठे झोपली असेल?"

भजी घशात अडकली. मी फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला, बंद. माझ्या मनाने लगेच उत्तर शोधले. एवढा मोठा मंडप आहे, पालिकेची व्यवस्था आहे, हजारो माणसे आहेत. एवढ्या पावसात मी जाऊन काय करणार? आणि मी झोपले. वाचकहो, वीस वर्षे समाजकार्याच्या गोष्टी बोलणारी मी त्या रात्री झोपले, हे लिहिताना आजही हात थांबतो.

मंगळवारी सकाळीही पाऊस होता. सरकारने मुंबई आणि आसपासच्या शाळांना सुटी जाहीर केली होती. मी ऑफिसला येत नाही म्हणून कळवले, दोन चादरी आणि मुलीचे स्वेटर-टोपी पिशवीत घातली आणि दादर गाठले.

शिवाजी पार्कचे मैदान चिखलाने भरले होते. चप्पल रुतत होती. पुस्तकांच्या दुकानांवर प्लॅस्टिक ओढले होते, पण पाणी खालून आत शिरले होते. एक विक्रेता भिजलेल्या ग्रंथांची पाने एकेक करून सोडवत होता. आपल्या लोकांनी सहा डिसेंबरला पोटाला चिमटा घेऊन जी पुस्तके विकत घ्यायची, तीच चिखलात पडलेली पाहून गलबलून आले. आणि एवढ्यातही माणसे रांगेत उभी होती. डोक्यावर पुठ्ठा धरून, कडेवर लेकरू घेऊन, शांतपणे.

पालिकेने जवळपासच्या आपल्या शाळा अनुयायांसाठी उघडून दिल्या होत्या. समता सैनिक दलाच्या एका मुलाने मला दिशा दाखवली. तिसऱ्या शाळेत, पहिल्या मजल्यावरच्या एका वर्गात आत्या सापडली. लहान मुलांच्या बाकावर पाय दुमडून बसली होती. लुगडे अंगावरच वाळत आले होते. रात्रीचे बरेच तास मंडपात भिजत उभे राहून काढल्यावर पहाटे त्या बायांना तिथे आसरा मिळाला होता. फोनमध्ये पाणी गेले होते. एक गोष्ट मात्र तिने कोरडी ठेवली होती. दुकानातून घेतलेली दोन पुस्तके पिशवीत गुंडाळून पोटाशी धरली होती. माझ्या मुलीसाठी होती ती.

मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "तू म्हणलीस पाऊस नसतो, म्हणून पाल घरी ठिवली बघ." त्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. जे झाले ते तिने सांगितले. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

मग स्वेटर तिच्या खांद्यावर टाकले, तर ते पोरीचे, तिला कुठून होणार? ते तिने शेजारच्या बाईच्या लेकराला घातले. म्हणाली, "तुमचं बरंय, तुमचं आभाळ ठरल्यावानी वागतंय. आमच्याकडं चौदा साली होळीच्या टायमाला गारा पडल्या, उभा गहू झोपला, आमचा काढणीचा रोजगार बुडाला. तवापासून आमी आभाळावर भरवसा ठिवत न्हाई."

सहा तारखेला पाऊस थांबला. आत्याने अंगात ताप असताना रांगेत उभे राहून वंदन केले, मगच माझ्याबरोबर घरी आली. पाच दिवस ती तापाने फणफणली होती. वस्तीतल्या डॉक्टरांची औषधे घेऊन बरी झाली आणि गावी गेली. पण त्या पाच दिवसांत मी पुष्कळ विचार केला.

आम्हा शहरातल्या माणसांना अवेळी हवा म्हणजे गंमत वाटते, कारण आमच्या डोक्यावर छप्पर असते आणि पगार महिन्याचा असतो. तोच पाऊस वाळत घातलेल्या बोंबलांवर पडला की कोळणीचे नुकसान करतो आणि पदपथावरच्या बाईची चूल विझवतो. पाऊस सर्वांवर सारखा पडतो हे बोलायला ठीक आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुलाब्याला अवघा ७३ पडला होता. एकाच शहरात एवढा फरक! आणि जिथे सारखा पडतो, तिथे कुणाचे घर कसले आहे यावर त्याचा हिशेब ठरतो.

आमचे वेळापत्रकही आता राहिलेले नाही. मार्च २०१८ मध्ये सांताक्रूझला पारा ४१ अंशांवर गेला. जमिनीवरचा पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा उशिरा येतो, तेव्हा असे होते. पत्र्याच्या घरात तर तो ताप किती वाढतो, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या सरकारी सोहळ्यात बसलेल्या माणसांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. २०२५ साली तर ११ जूनला येणारा मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. प्लॅस्टिक अजून खाटेखालीच होते!

आमच्या महिला मंडळाने २०१८ पासून काही साध्या गोष्टी सुरू केल्या. वर्गणीतून ताडपत्र्या घेतल्या, त्या विहारात ठेवल्या आहेत. सहा डिसेंबरच्या आठवड्यात रोज एक जण हवामान खात्याचा इशारा पाहून फळ्यावर लिहिते. गावाकडून येणाऱ्यांचे फोन नंबर आणि मुक्कामाची जागा आधीच वहीत उतरवतो. चौदा एप्रिलची मिरवणूक ऊन उतरल्यावर काढतो. वाटेत पाणी ठेवतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चहाचा चमचा, एवढेच त्याचे प्रमाण. म्हाताऱ्या माणसांना आणि गरोदर बायांना सावलीत बसवतो. फार मोठे काम नाही, पण ते आधी करायचे असते.

२०१८ च्या डिसेंबरात आत्या पुन्हा आली. गाठोडे जड होते. त्यात दोन पाली होत्या. एक तिची, एक माझ्यासाठी शिवून आणलेली. मी म्हणाले, "आत्या, मला कशाला? माझे तर पक्के घर आहे."

"असू दे," ती म्हणाली, "तुझ्यासाठी नसंल तर दुसऱ्यासाठी लागंल."

ती पाल आमच्या घरी माळ्यावर ठेवत नाही. दाराशेजारी खुंटीला टांगलेली असते, छत्रीच्या बाजूला, बाराही महिने.

बंधू-भगिनींनो, गावाकडून कुणी फोन करून विचारले, "तुमच्याकडे हवा कशी आहे?" तर सवयीने उत्तर देऊ नका. आधी बाहेर येऊन आभाळ पाहा. आणि त्यांना सांगा, आणायचे ते आणा, नाही आणले तरी आम्ही आहोत.