फ्रिक्वेन्सी हलू द्या

वीजपुरवठ्यात नोकरी केलेल्या माझ्या पिढीला ५० हर्ट्झची किंमत कुणी समजावून सांगावी लागली नाही. २००२ च्या आधी पश्चिम ग्रिडची फ्रिक्वेन्सी संध्याकाळी ४८.५ च्याही खाली रेंगाळायची. त्या वर्षी एबीटी (अव्हेलेबिलिटी बेस्ड टॅरिफ) ही दरपद्धत आली, फ्रिक्वेन्सी कमी असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्याला जबर भाव पडू लागला आणि काटा हळूहळू जागेवर आला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिण ग्रिड जोडलं गेलं आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. आज ४९.९० ते ५०.०५ एवढाच पट्टा पाळायचा असतो. हे फार मोठं काम झालं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

म्हणूनच ग्रिडपासून तुटलेल्या छोट्या व्यवस्थेत फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही खालीवर होऊ द्यावं, असं कुणी म्हटलं की मी ऐकून घ्यायचो नाही. फ्रिक्वेन्सी पडली की मोटर जळते, एवढंच माझं उत्तर. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघे लाइन गेल्या आणि मुंबईचं आयलंडिंग, म्हणजे ग्रिडपासून वेगळं होऊन स्वतःच्या विजेवर तग धरणं, टिकलं नाही. आतली निर्मिती लोडला पुरेना, फ्रिक्वेन्सी कोसळली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या दिवशी तर माझं मत आणखी पक्कं झालं.

ते बदललं सांगोल्याकडे, पुतण्याच्या डाळिंबाच्या बागेत. तिथे सरकारी योजनेतला सोलर पंप बसला आहे. पॅनेल, कंट्रोलर आणि बोअरमधली मोटर, बस्स. ना बॅटरी, ना महावितरणची तार. कंट्रोलरच्या डब्यावरचा हर्ट्झचा आकडा मी बघत बसलो. ऊन चढलं तसा तो ३१ वरून ४४ वर गेला, पाइपाला जोर आला. मग ढग आला. आकडा सरसर खाली, धार बारीक झाली आणि थांबली. मोटर मात्र आत फिरतच होती. मी उठून बंद करायला निघालो, तर पुतण्या म्हणाला, "काका, राहू द्या. ढग गेला की येतंय पाणी." आणि आलं.

सूत्र मला पाठ होतं. त्याचा अर्थ तिथे लागला. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली आणि व्होल्टेज तेवढंच ठेवलं, तर मोटरचा गाभा चुंबकत्वाने भरून जातो, करंट वाढतो आणि वाइंडिंग जळतं. पण ४१५ व्होल्टचे त्याच प्रमाणात दोनशेच्या आसपास केले, तर मोटर सुखाने निम्म्या गतीने फिरते. पंपाला लागणारी शक्ती गतीच्या घनाने उतरते, म्हणजे निम्म्या गतीला आठवा हिस्सा. पाणी चढवण्याची ताकदही वर्गाने घटते, म्हणून खोल बोअरमधून तेव्हा थेंब वर येत नाही. तो तोटा खराच. पण ५० चा हट्ट धरला असता, तर मोटर ढगाबरोबर ट्रिप होऊन बसली असती.

नेरूळला परतलो आणि रोजच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या. स्टेशनातून लोकल सुटताना जो चढता सूर ऐकू येतो, तो मोटरला मिळणाऱ्या बदलत्या फ्रिक्वेन्सीचा. आमची नवी लिफ्ट ५० हर्ट्झ घेते, आधी त्याचं डीसी करते आणि मग स्वतःला हवी ती फ्रिक्वेन्सी बनवते. इन्व्हर्टर एसीचंही तेच. आणि वीज गेली की त्याच लिफ्टसाठी सोसायटीचा डिझेल जनरेटर रिकाम्या लोडवरही मिनिटाला १५०० फेऱ्यांनी घरघरत राहतो, केवळ ५० राखायला!

मोठ्या ग्रिडबद्दल मी तसूभरही हललेलो नाही. तिथे अनोळखी यंत्रं एकमेकांच्या भरवशावर चालतात, तिथे ५० हवेच. आमच्या किनाऱ्यापासून जवळच्या घारापुरीत वर्षानुवर्षं संध्याकाळी काही तास जनरेटरची वीज असायची. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल गेली, ते योग्यच झालं. घराघरात पंखे, फ्रिज असलेल्या वस्तीला स्थिर वीज मिळायलाच हवी. पण जिथे वीज करणारा आणि वापरणारा एकच आहे आणि पाणी साठवता येतं, तिथे हा आग्रह पैसा आणि इंधन खातो.

आमच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. ग्रिड गेलं की लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ते बंद पडतात आणि भर दुपारी खाली डिझेल जळत राहतं. मी सभेत सुचवलं आहे की काही पॅनेल वेगळे काढून, फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह लावून, थेट पाण्याच्या पंपाला जोडावेत. पंप जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत दिवसभर मिळेल त्या उन्हावर पाणी चढवत राहील. पावसाळ्यात काय, असं विचारलं गेलं. तेव्हा चेंजओव्हरने महावितरणची वीज वापरायची. अग्निशमनाचा पंप मात्र आहे तिथेच, ५० हर्ट्झवर आणि जनरेटरवर राहील. त्याला हात लावू देणार नाही.