चटणीत काही चुकलेलं नाही

हडपसर

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

आपल्या पुण्यातल्या मेन स्ट्रीटवरच्या मार्झोरिनचं चटणी सँडविच तू लीड्समध्ये घरी केलंस हे वाचून बरं वाटलं, पण पुढच्या ओळी वाचल्या आणि कपाळावर हात मारला. सावरडो पाव, बिनमिठाचं लोणी, दुप्पट चटणी, वर काकडी, आणि हे सगळं तव्यावर शेकलेलं! एवढं करून विचारतेस, 'मावशी, चटणीत काय चुकलं?' अगं, चटणीत काही चुकलेलं नाही. तू सँडविच सुधारायला गेलीस, तिथे चुकलं.

मेन स्ट्रीटसारख्या गर्दीच्या रस्त्यावरच्या काउंटरचा विचार कर. गिऱ्हाईक समोर आल्यावर एकेक सँडविच करत बसलं तर रांग पुलगेटपर्यंत जाईल. ती आधीच करून, चळत रचून ठेवावी लागतात. सारण बेताचं, कारण जास्त झालं तर चळत घसरते. लोणी मात्र कडेपर्यंत, कारण त्यात ८० टक्के स्निग्धांश असतो आणि तोच चटणीचं पाणी पावात मुरू देत नाही. ही सगळी दुकानाच्या सोयीची गणितं, पण चव त्यांतूनच येते. वरच्या वजनानं पाव दबतो, लोण्याला चिकटतो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून तासाभरात तो लोण्यात उतरतो आणि जिभेवर मवाळ होऊन येतो. तू ताजं, गरम आणि भरगच्च केलंस, म्हणजे नेमकं हेच सगळं काढून टाकलंस. बिनमिठाच्या लोण्याबद्दल तर काय बोलू! आपल्या पिवळ्या लोण्यातलं मीठ हा त्या चटणीचा अर्धा मसाला आहे.

आणि तो सावरडो! पाव आंबट, चटणीत लिंबू, म्हणजे आंबटावर आंबट. शिवाय चिवट, तो चावेपर्यंत चटणी गिळून झालेली असते. इथे पाव असा हवा की त्याला स्वतःचं काही म्हणणं नसावं. तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात ज्या पांढऱ्या स्लाइस ब्रेडकडे बघून तू नाक मुरडतेस, तोच घे. १९६१ साली तुमच्याच इंग्लंडात, चोर्लीवुडला, पीठ यंत्रात जोरात मळून झटपट पाव करायची पद्धत निघाली. त्या पावाला जाणकार कापूस म्हणतात. म्हणू देत, आपल्याला कापूसच हवाय. कडा काप, लोणी आधी बाहेर ठेवून मऊ कर (तिकडच्या थंडीत ते पाव फाडेल), कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी कर, वाटताना पाणी घालू नकोस. लिंबू मात्र घाल; आंबटपणामुळे हिरवा रंग लवकर काळा पडत नाही. मग ओल्या फडक्यात गुंडाळून, वर ताटली ठेवून तासभर विसरून जा.

तू म्हणशील, हा सगळा आठवणींचा खेळ, लहानपणचं सगळंच गोड लागतं. तसं असतं तर तुझी तक्रारही धूसर असती. 'पाव जबड्याला लागतो, चटणी वेगळी पडते' असं तू लिहिलंयस. ती हुरहूर नव्हे, मोजमाप आहे. दुसरा आक्षेप असा, की मुरवायचंच तर फ्रिजमध्ये का नको? कारण पावातला स्टार्च फ्रिजच्या थंडीत सर्वांत लवकर कडक होतो. बाहेरच्यापेक्षा तिथे पाव आधी शिळा होतो.

पण थांब. हे फक्त चटणीच्या सँडविचला लागू. चिकन-मेयोनीजचं रात्री करून सकाळी ऑफिसला नेतेस, असं तू ओझरतं लिहिलंयस. ते दुपारपर्यंत टेबलावर, हीटरशेजारी पडून असतं का? तसं असेल तर माझं वरचं सगळं शास्त्र बाजूला ठेव आणि त्याला सरळ फ्रिजमध्ये टाक. पाव वातड झाला तर होऊ दे, पोट बिघडायला नको. आणि रात्री अकराला सँडविचं करत बसतेस, तर जेवतेस कधी? अख्ख्या पत्रात वरण-भाताचा एकदाही उल्लेख नाही. दिवाळीत कुकरचं रबर सैल झाल्याचं म्हणाली होतीस. ते बदललंस का? तिकडे मिळत नसेल तर माप कळव, येणाऱ्या कुणाच्या हाती पाठवते.

तुझी,
मावशी