भट्टी पाहावी बांधून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे म्हणणाऱ्याने परसात पिझ्झाची भट्टी बांधलेली नसावी. नाहीतर म्हणीत तिसरे कलम खास आले असते!

या भट्टीचा सारा जीव घुमटात. तळाला नि घुमटाला अग्निविटा, बाहेरून धग धरून ठेवणारे जाड अस्तर. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के ठेवायची. दार उंच झाले की धग पळाली, बुटके झाले की धूर कोंडला! बांधून झाल्यावरही घाई चालत नाही. विटा-गिलाव्यातले पाणी निघेपर्यंत आठवडाभर रोज छोटासा विस्तव, कालच्यापेक्षा किंचित मोठा. एकदम जाळ केलात, तर घुमट तडकलाच म्हणून समजा.

नेपल्सच्या रीतीने पिझ्झा भाजायला अवघे ६० ते ९० सेकंद पुरतात. मात्र भट्टी तास-दोन तास आधी पेटवावी लागते. आमच्या घरात माणसे चार आणि जेवणाच्या वेळाही चार. पण हा पदार्थ कुणासाठी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका वेळी एकच निघतो, तो तिथेच तोडून वाटायचा. त्यामुळे रविवारी संध्याकाळी सगळे आपापल्या खोल्या सोडून परसात उभे असतात.

गॅस आल्यापासून आईने चुलीचे नाव काढले नव्हते. आता पिझ्झे संपले की तीच म्हणते, “अरे, एवढी धग वाया कशाला घालवायची?” आणि निवत चाललेल्या भट्टीत रताळी ठेवते. ती मऊ होईपर्यंत कुणी आत जात नाही.